पाचवं रीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही मला आठवत नाही. आईलाही नाही. खरं तर आईला सांगायला हवं होतं, कारण जिच्याबद्दल हे आहे ती आधी आईची होती, मग माझ्या ओळखीची झाली. आता आई नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय का? असेलही. पण सोपं जातंय असं समजू नका — हा तिसरा रविवार आहे. आधीचे दोन्ही रविवार मी इथवर लिहून चहा करायला उठलो आणि परत बसलोच नाही.

तिचं नाव तेसी.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. माझी नोकरी सॉफ्टवेअरमधली, आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात असते तसली. सहा वर्षांपूर्वी आई नागपूरहून आली आणि आठव्याच दिवशी ड्राइव्ह-वेवर पडली. मार्च होता, पाइनचे पिवळे परागकण सगळीकडे साचलेले, आणि रात्री पाऊस होऊन गेलेला. खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. मला आणि अनघाला ऑफिस, आमच्या मुलीला, इराला, शाळा. मॉरिसव्हिलच्या एका मैत्रिणीने अनघाला एका फिलिपिनो बाईंचा नंबर दिला. म्हातारी माणसं सांभाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, म्हणाली.

तेसीला सोडायला तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी आली होती. ती तिला 'आते तेसी' म्हणाली. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. आईला वाटलं, आपल्यासारखीच आत्या. "अगं, माझ्यापेक्षा केवढी लहान आहे ती, मी तिला आते कशी म्हणू?" असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आतेच म्हणायला लागली. आईला इंग्रजी येत नव्हतं, तेसीला मराठी. दोघी दिवसभर बोलत असायच्या. कोण कुठल्या भाषेत बोलतंय याची त्यांना फिकीर नव्हती.

एका दुपारी मी घरून काम करत होतो. आईची मराठी मालिका चालू होती, नायिका रडत होती. तेसी आईच्या पायाला तेल लावत होती. वर न बघताच म्हणाली, "चुकीच्या डोळ्यातून रडतेय ही. दिवा दुसऱ्या बाजूला आहे."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

"मी पण रडलेय कॅमेऱ्यासमोर," ती म्हणाली. "चार सिनेमांत."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मला सिनेमाचं वेड आहे — खरं वेड. पुण्यात कॉलेजात असताना फिल्म क्लबच्या खुर्च्या मांडण्यापासून सगळं केलंय. मग नोकरी, व्हिसा, घर. ते सगळं सुटलं. कॅरीला आल्यावर जवळच्या एका विद्यापीठात हॅना नावाच्या प्रोफेसर भेटल्या. आशियातले सिनेमे शिकवायच्या. जुन्या, सडत चाललेल्या फिल्म स्कॅन करून कॉम्प्युटरवर स्वच्छ करायचं काम त्या चार-पाच व्हॉलंटियर्सकडून करून घ्यायच्या. मी त्यांतला एक. आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवारी सिनेमा. त्या दोन दिवसांसाठी मी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात, आईसाठी बिनमटणाचे लुंपिया, म्हणजे त्यांच्याकडचे तळायचे रोल, वळणारी ही बाई मला सांगत होती की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मनिलात ती 'बोल्ड' सिनेमांची नटी होती.

तिने हळूहळू सांगितलं. रोज थोडं. तिच्या आधीच्या मुलींचा काळ ओल्या कपड्यांचा होता. पांढरा पातळ झगा घालून समुद्रात उतरायचं, बाहेर यायचं, आणि त्यावर थिएटरं भरायची. देशात मार्शल लॉ. तेसी म्हणाली, "भूक हा शब्द पडद्यावर म्हणायची चोरी होती, श्री. ओली मुलगी दाखवायला मात्र परवानगी होती. मग चांगले दिग्दर्शक काय करायचे, ओली मुलगी पुढे उभी करायचे आणि तिच्या मागे भूक ठेवायचे." तिच्या मागे खरंच झोपडपट्ट्या असायच्या, कचऱ्याचे डोंगर, बंद पडलेले कारखाने. लोक मुलगी बघायला यायचे आणि ते सगळं बघून जायचे. पुढे हे सिनेमे आणखी उघडे झाले, आणि मागचं दिसेनासं झालं. मग नव्वदीत व्हिडिओ आला, चर्चवाले ओरडले, मोठ्या थिएटरांनी दारं लावली. मग तरुण पोरं डिजिटल कॅमेरे घेऊन तसलेच विषय परदेशी महोत्सवांत घेऊन गेली. आता तर फोनवर आठवड्याला एक येतो, म्हणाली. तिला त्याचा राग नव्हता. "आता मुली सही करतात. काय दाखवायचं, काय नाही, सगळं कागदावर असतं. आमच्याकडे काय होतं? दिग्दर्शकाचा शब्द."

हे ती हसत सांगायची. तिच्या चौथ्या सिनेमाबद्दल मात्र तिने फार थोडं सांगितलं, आणि त्याच्या प्रिंट समुद्राच्या खाऱ्या हवेत केव्हाच सडल्या असतील म्हणाली. मी हळहळलो. आता वाटतं — तिच्या आवाजात हळहळ होती का? मी ऐकलंच नाही.

मी त्या सिनेमाचं नाव हॅनांना सांगितलं. तेसीला न विचारता.

हॅनांनी ईमेलवर ईमेल केल्या. कॅलिफोर्नियात एका जुन्या वितरकाच्या गॅरेजमध्ये प्रिंट सापडली. सहा रिळं. डबे उघडले तेव्हा व्हिनेगरचा आंबट भपका आला, म्हणजे फिल्म मरायला टेकली होती. ती स्कॅन झाली आणि रिळं आम्ही वाटून घेतली. सगळ्यांत वाईट पाचवं होतं. बुरशीचे डाग, उभे हिरवे ओरखडे, मध्ये मध्ये चित्रच नाही. ते मी मागून घेतलं.

चार महिने मी ते करत होतो. आमच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून, एकेक फ्रेम. त्या रिळात एक दृश्य आहे. वस्तीतली मुलगी हातपंपाखाली आंघोळ करते आहे. दीड मिनिट. मागे धुराडं, खाली चिखल, आणि ती — बावीस वर्षांची तेसी — अंगावरचा ओला झगा उतरवून बाजूला ठेवते, इतक्या सहज, जणू जगात कुणीच नाही. आजवर मी पडद्यावर इतकं निःसंकोच काही पाहिलेलं नव्हतं. त्या दीड मिनिटात दोन हजारांवर फ्रेम आहेत. प्रत्येक फ्रेमवरचे डाग मी माझ्या हाताने पुसले. तिच्या खांद्यावरून, पाठीवरून. त्याच वेळी खाली ती माझ्या आईला वॉकर धरून चालायला शिकवत असायची.

तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय.

काम संपल्यावर मी तिला सांगितलं. आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. विद्यापीठात मोठा कार्यक्रम आहे, तुमचा सिनेमा दाखवणार आहेत, तुम्ही स्टेजवर यायचं. आईने न समजताच टाळ्या वाजवल्या. तेसीने हातातली वाटी खाली ठेवली.

"पाचवं रीळ आहे त्यात?"

मी विचारलं, का?

मग तिने सांगितलं. पंपाच्या त्या सीनला दिग्दर्शक म्हणाला होता, ही नुसती तालीम आहे. प्रकाश बघायचाय, कॅमेरा बंद आहे. उद्या शूट करू, तेव्हा अंगावर झगा असेल, खांद्यापर्यंतच दिसेल. तिने विश्वास ठेवला. आपलं शूटिंग झालंय हे तिला थेटरात बसल्यावर कळलं. महिनाभराने तिच्या गावच्या थेटरात तो सिनेमा लागला. तिचे वडील मासेमार होते. बरोबरचे लोक जे सांगून हसतात ते खरं की खोटं, हे बघायला ते स्वतः गेले. त्यानंतर अकरा वर्षं जगले. तिला एकदाही नावाने हाक मारली नाही.

"ते असेल तर मी येणार नाही, श्री. आणि माझं ऐकशील तर तुम्ही ते दाखवूही नका. पण तू त्यांना विचार."

आता मी काय करायला हवं होतं, हे लहान पोरही सांगेल. आणि ते इतकं सोपं होतं! ते रीळ एवढं खराब होतं की मी नुसतं म्हटलं असतं, "हे वाचत नाही," तर कुणी प्रश्नही विचारला नसता. पुढच्याच मीटिंगमध्ये हॅनांनी मला आपणहून बाजूला घेऊन विचारलं. शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "तिला सगळं मान्य आहे ना? एखाद्या गोष्टीला तिची ना असेल तर आपण थांबू." मी म्हणालो, तिची काही हरकत नाही.

आणि घरी येऊन तेसीला सांगितलं, "पाचवं रीळ सडलं. तो सीन वाचला नाही."

तिने माझा हात हातात घेतला. डोळे मिटून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. देवाचे आभार मानत होती.

का केलं मी असं? सगळ्यांसमोर छाती काढून म्हणालो होतो, तेसीला मी आणतो — म्हणून? श्रेयनामावलीत नाव येणार होतं म्हणून? तेही होतंच. पण त्याहून खरं सांगतो. मला ती स्टेजवर हवी होती, आणि मला माझं दीड मिनिटही हवं होतं. ते लोकांनी पाहावं असं मला वाटत होतं. मनाशी मी 'कला' वगैरे शब्द वापरत होतो. तिला तिथे बसून ते बघावं लागेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं म्हणत मी दिवस ढकलले.

शनिवारी दुपारी तीनचा खेळ होता. तेसी उभ्या फुगीर बाह्यांचा त्यांचा पारंपरिक पोशाख घालून आली. बरोबर मुलगी आणि चर्चच्या गायनमंडळातल्या पाच मैत्रिणी. बारा वर्षांच्या नातीला तेवढं घरी ठेवलं होतं. लॉबीत ती हॅनांशी बोलत होती, आणि मी दोघींच्या मध्ये उभा राहून विषय भलतीकडे नेत होतो. अजून दहा मिनिटं होती. प्रोजेक्शनवाला मुलगा माझ्या ओळखीचा होता. मी जाऊन सांगू शकत होतो. मी पाणी प्यायलो आणि जागेवर जाऊन बसलो.

पहिला तासभर ती खूश होती. मैत्रिणींना कानात सांगत होती, हा नट पुढे मोठा झाला, ही नटी शूटिंगच्या वेळी साडेतीन दिवस उपाशी होती. मग पंप आला.

ती उठली नाही. मी तिच्या शेजारी होतो. तिने मांडीवरची पर्स फक्त उचलून छातीशी धरली. तिची मुलगी एकदा आईकडे वळली आणि परत पडद्याकडे न बघता खाली बघत राहिली. मैत्रिणींपैकी कुणी हलेना. हॉलमध्ये अगदी शांतता — लोक भारावले होते. एकही ओरखडा नव्हता. मी काम चांगलं केलं होतं.

सिनेमा संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिला हात धरून स्टेजवर नेलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका विद्यार्थिनीने माइक घेतला. तिचा आवाज थरथरत होता. म्हणाली, पंपाच्या त्या सीनमधला तुमचा निर्भयपणा मी जन्मभर विसरणार नाही. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?

तेसी म्हणाली, "मला वाटत होतं, कॅमेरा बंद आहे."

लोक हसले. सगळा हॉल हसला. त्यांना तो विनोद वाटला, चांगल्या नटीने केलेला हजरजबाबी विनोद. टाळ्या पडल्या. आणि लोक हसताहेत म्हणून तीही हसली. हॅनाही हसल्या. त्यांना माहीत नव्हतं. त्या तीनशे लोकांत ती काय बोलली हे माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

पार्किंग लॉटमध्ये मुलगी गाडी आणायला गेली तेव्हा तेसी माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, नाही. पाचवं रीळ माझ्याकडे नव्हतंच. शेवटी शेवटी दुसरी कुठली प्रिंट मिळाली असणार, मला कुणी सांगितलं नाही.

तिने मान डोलावली. माझ्या दंडावर थोपटलं. "तुलाही फसवलं त्यांनी," म्हणाली. "जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

पुढचं काय सांगू? त्या सिनेमाचं नाव झालं. दोन-तीन महोत्सव झाले, मग एका स्ट्रीमिंग साइटवर आला. कुणीतरी नेमकं ते दीड मिनिट कापून इंटरनेटवर टाकलं. स्वच्छ, लख्ख. खाली लोक काय काय लिहितात ते मी वाचलंय. काढून टाका म्हणून मी अर्ज करतो. एक जागा बंद होते, दुसरीकडे तेच वर येतं. गेली कित्येक वर्षं मी हेच करतोय, आणि हे मला थांबवता येणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. ज्या ओरखड्यांनी ते चाळीस वर्षं झाकून ठेवलं होतं, ते मी पुसलेत. परत कुठून आणू?

चर्चमधल्या कुणाच्या तरी भाच्याला ती क्लिप सापडली. तेसीने गाणं सोडलं. मुलीने तिला काही म्हटलं नाही, पण दोघींत पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही, असं तेसीच एकदा म्हणाली. आई बरी होऊन नागपूरला गेली, आणि तेसी व्हर्जिनियाला बहिणीकडे राहायला गेली. पुढे आई वारली तेव्हा तेसीचा फोन आला होता. माझ्यापेक्षा जास्त रडली. दर दिवाळीला आठवणीने फोन करते. अनघा स्पीकरवर टाकते आणि दोघी खळखळून हसतात. मी कामात असल्यासारखं करतो.

गेल्या महिन्यात तिच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. निकोल. आता कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आजीच्या सिनेमावर पेपर लिहितेय — असल्या सिनेमांतल्या बायकांच्या संमतीवर. आजीने माझं नाव दिलं होतं. "आजी म्हणते, तिथे तिच्या बाजूचे फक्त तुम्ही होता." हे ती इंग्रजीत म्हणाली, सरळ माझ्याकडे बघत. मग वही उघडून विचारलं, तो सीन ठेवायचा हे कुणी ठरवलं?

हॅना मागच्या वर्षी वारल्या. त्या असत्या तर निकोलने त्यांनाही फोन केला असता.

मी म्हणालो, ते सगळे निर्णय प्रोफेसरांकडे असायचे.

पेपर लिहून झाल्यावर तिने मला वाचायला पाठवला. चांगला लिहिलाय. त्यात हॅनांचं नाव आहे. एका आशियाई स्त्रीचा शब्द त्यांनी कसा विचारातही घेतला नाही, यावर पूर्ण दीड पान आहे. शेवटी आभारांत माझं नाव आहे.

मी तो दोनदा वाचला. एके ठिकाणी तिने सिनेमात सात रिळं होती असं लिहिलं होतं. ते मी दुरुस्त केलं, सहा केलं, आणि खाली 'छान झालाय' असं लिहून तिला परत पाठवला.